वीतभर शिवण

शिवणमावशीकडे दोन तऱ्हेचे दोरे असत. खिडकीजवळच्या फळीवर रंगीत रिळांची रांग होती, ती जिवंत माणसांसाठी. कपाटाच्या वरच्या कप्प्यात पत्र्याच्या डब्यात पांढरे सुती रीळ असायचे. ते अशांसाठी, जे माप द्यायला येत नाहीत.

जिवंतांचे कापड ती दोऱ्याला गाठ मारून सुरू करी. गेलेल्यांच्या कापडाला गाठ मारायची नसते. तिच्या समाजात कफनाला खिसा नसतो, कारण बरोबर काही न्यायचे नाही. आणि गाठ नसते, कारण जाणाऱ्याचे काही इथे अडकून राहू नये. सैल धावदोरा घालायचा आणि शेवटचे टोक मोकळे सोडायचे. हे आईने तिला आठव्या वर्षी शिकवले होते आणि थोरल्या ताईला दहाव्या. दोघी एकाच खिडकीत बसून शिकल्या. ताई डावखुरी होती. तिचे टाके वाऱ्याने आडव्या झालेल्या गवतासारखे उलट्या बाजूला कलायचे, आणि तिने मारलेल्या गाठीचा पीळही उलटा यायचा. आई खोलीत आली की तोंडाने काही विचारत नसे. दोघींच्या सुया हातात घेऊन बघे. काम केलेली सुई कोमट असते, गप्पा मारलेली गार. ताईची सुई कधी गार निघाली नाही. मावशीच्या सुईचे सांगण्यात अर्थ नाही.

मावशीने स्वतःचेही कफन शिवून ट्रंकेत ठेवले होते. तिच्या वयाला त्यात विशेष काही नव्हते. फक्त उजव्या बाजूची वीतभर शिवण तिने उघडी ठेवली होती. तीही आईचीच शिकवण. स्वतःचे पुरे करू नये. शिवून झालेले कापड गिऱ्हाइकाला बोलावते, असे आई म्हणायची.

उपासाच्या आदल्या दुपारी मावशी मशीनवर कव्हर घालून बाहेर पडली. वर्षातला सर्वांत मोठा उपास तो. सूर्य बुडाल्यापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, पायांत कातडे नाही, कामाला हात नाही. शिवायचे नाही, दोरा तोडायचा नाही, गाठ मारायची नाही आणि मारलेली सोडायचीही नाही. बुटाच्या नाडीला सुरगाठ चालते, निरगाठ नाही. मावशीने हे सगळे आयुष्यभर काटेकोर पाळले होते. पण देवापुढे उभे राहण्याआधी माणसांकडे जावे लागते. माणसाने माणसाचे केलेले देव माफ करत नाही. ते ज्याचे त्यानेच करायचे असते.

गल्लीतली चार घरे करून ती शेवटी घड्याळजीच्या दुकानात आली. घड्याळजी सत्तरीचे. दुकानात घड्याळे दुरुस्त करत आणि सणावाराला प्रार्थना तेच चालवत. त्यांच्या डोळ्याला भिंग लावलेले होते.

“काका, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला.”

“माझ्या पँटची एक तंगडी आखूड झाली होती.”

“तंगडीच आखूड आहे तुमची. पँट बरोबर होती.”

“मग मीच माफी मागतो,” म्हणत घड्याळजी हसले आणि पुन्हा घड्याळात वाकले.

मावशी गेली नाही. काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत उभी राहिली.

“एक विचारायचं होतं. एका गिऱ्हाइकासाठी. समजा, माणूस गेलं आणि त्याची माफी मागायची राहून गेली. तर?”

“तर कबरीपाशी जायचं. बरोबर दहा जण न्यायचे आणि त्यांच्यादेखत मागायची, तीनदा.”

“एकट्यानं नाही चालत?”

“एकट्यानं माणूस आरशापुढेसुद्धा रडतो, बाई.” घड्याळजींनी भिंग काढले. “आणि मोघम चालत नाही. काय केलं ते उघड सांगायचं. गिऱ्हाइकाला सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. दार मिटायच्या आत.”

गिऱ्हाइकाला म्हणताना ते तिच्या बोटांकडे बघत होते.

गोष्ट अशी होती. पाच वर्षांपूर्वी आई ताईच्या घरी वारली, पहाटे. ताईने मावशीला निरोप धाडला तेव्हा आईला आंघोळ घालून झाली होती आणि कफनही शिवून झाले होते. उलट्या टाक्यांचे. “तू रडत शिवलं असतंस. वाकडं आलं असतं,” एवढेच ताई म्हणाली. मावशी त्या दिवसापासून तिच्याशी बोलली नाही. पुढची तीन वर्षे ताई या दुपारी, याच वेळेला, मावशीच्या दाराशी आली. दर वेळी तीन टकटक, सावकाश. दर वेळी मावशी मशीनचे चाक हाताने धरून, श्वास रोखून बसून राहिली. तीनदा मागूनही जो माफी देत नाही, ओझे त्याच्यावर येते, हे तिला पाठ होते. चौथ्या वर्षी ताई आली नाही. त्यानंतरच्या वसंतात ती गेली.

भाची पांढरे कापड घेऊन आली. ताईची एकुलती एक मुलगी, दवाखान्यात नर्स. “आईनं सांगून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “तूच शिवायचंस.”

मावशीने दुपारभर शिवले. शेवटचा टाका छातीच्या डाव्या बाजूला आला. तिथे तिने दोरा बोटाभोवती गुंडाळला, अंगठ्याने घरंगळवला आणि गाठ ओढली. बोटांची सवय, असे ती मनाशी म्हणाली. पण सवयीने मारलेली गाठ दिसली की माणूस ती सोडतो. मावशीने ती बघितली. मग कात्री उचलून दोरा तोडला आणि कापडाची घडी घातली.

दहा जणांना सांगायचे म्हणजे संध्याकाळपर्यंत भाचीच्या कानावर जाणार. आणि भाची सोडली तर मावशीला या जगात ‘जेवलीस का’ असे विचारणारे कुणी उरले नव्हते.

म्हणून ती एकटीच गेली. गावाबाहेर, भिंतीआड, दगडांच्या रांगांत. ताईच्या दगडावर तिने रीतीप्रमाणे एक खडा ठेवला.

“ताई, काही चुकलं असेल तर माफ कर,” ती म्हणाली. ‘असेल’ हा शब्द तिला स्वतःलाच टोचला. वारा नव्हता. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि परतली.

उपासाआधीचे जेवण मावशीच्या घरी, भाचीबरोबर होते. सूप, पाव, उकडलेले बटाटे. मावशी डोक्याचा रुमाल सोडायला गेली तर सुटेना. हनुवटीखाली तिने सुरगाठ मारली होती. आता तिथे निरगाठ होती, वाटाण्याच्या दाण्याएवढी कठीण.

“थांब, मान वर कर.” भाचीने काट्याचे टोक गाठीत घातले. बराच वेळ लागला. “अगं, ही उलटी फिरते. मी म्हणतेय सुटत का नाही.” तिने पीळ बोटाने चाचपला. “आईची अशी असायची.”

“घाईत लागली असेल,” मावशी म्हणाली. सूप गार झाले होते. तिने ते तसेच संपवले, कारण पुढे एक दिवस काही नव्हते.

भाचीने खिडकीत चोवीस तास जळणाऱ्या दोन मेणबत्त्या काचेच्या पेल्यांत लावल्या. एक मावशीच्या आईची, एक ताईची. मग दोघी प्रार्थनाघरात गेल्या, परतल्या, आणि भाची तिथेच कोचावर झोपली.

सकाळी मावशी उठली तर तिची वेणी शेपटाशी गाठलेली होती. केसांचीच गाठ. रिबन उशीवर वेगळी पडली होती. ही सोडता येत नव्हती, आज नाही. तिने वेणी रुमालाखाली दडवली. एकसष्ट वर्षांची बोटे झोपेत काय करतील सांगता येत नाही, असे तिने स्वतःला समजावले. जिन्याशी कापडी बूट ठेवले होते. नाड्यांच्या चारही टोकांना एकेक गाठ होती. तिने ते बूट तसेच टाचेवर दाबून पायात सरकवले. पांढरा झगा अंगात घालताना पाठीला काही टोचले. तिने झगा उलटा करून पाहिला. स्वतः शिवलेल्या प्रत्येक शिवणीच्या शेवटी तिने सोडलेले दोऱ्याचे टोक आता गाठलेले होते. सगळ्यांचा पीळ एकाच बाजूला होता. डावीकडे.

तिने झगा सुलटा केला आणि घातला. दुसरा पांढरा नव्हता.

“मावशी, तोंड उतरलंय तुझं,” भाची म्हणाली.

“उपास आहे बाई. आज चढलेलं तोंड कुणाचं असतं?”

प्रार्थनाघराच्या वरच्या सज्जात बायका बसत. लाकडी जाळीतून खालचे पुरुष दिसत. त्यांतले बरेचसे पांढऱ्या झग्यांत होते, आणि त्यांतले निम्मे झगे मावशीच्या हातचे. त्याच झग्यांत एक दिवस त्यांना न्यायचे असते, म्हणून त्यांनाही तिने गाठ मारलेली नव्हती. ती जाळीतून तेच बघत राहिली. खांदे, पाठी, शिवणी. पन्नास पांढऱ्या पाठी खाली वाकत होत्या आणि वर होत होत्या.

दुपारी पापांचा पाठ आला. प्रत्येक शब्दाला मुठीने छातीवर हलकेच मारायचे. आम्ही खोटे बोललो. आम्ही मन कठीण केले. आम्ही हट्ट धरला. त्या यादीत सगळे ‘आम्ही’ असते, आणि ‘आम्ही’च्या मागे लपायला पुष्कळ जागा असते. मावशीची मूठ डाव्या छातीवर पडत होती. बरोबर त्याच जागी.

“ताई,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, “त्या दिवशी हात थकले होते गं. माफ कर.”

पाठीमागे टकटक झाली.

तीनदा. सावकाश.

सज्जाचे दार जिन्यावर उघडायचे. मावशीने मान वळवली. दार मिटलेले होते. दारालगत बसलेली म्हातारी पेंगत होती. भाची पुस्तकात बोट ठेवून वाचत होती.

“कुणी दार वाजवलं?”

“कुठे?”

मावशीने हातरुमाल घट्ट धरला. तळव्याला काहीतरी लागले. रुमालाच्या चारही कोपऱ्यांना गाठी होत्या, आणि एका गाठीत, कापडाच्या पिळात, ओली काळी माती होती. गेला आठवडाभर पाऊस पडला नव्हता.

तिने रुमाल मांडीखाली ठेवला. दोनदा माफी मागून झाली होती, आणि दोन्ही वेळा खोटी. आता एकच उरली होती.

ऊन जाळीतून सरकत गेले. आधी समोरच्या भिंतीवर, मग छताच्या तुळईवर. लोकांचे आवाज कोरडे पडले. बायका एकमेकींच्या खांद्याला टेकल्या. मावशी कुणालाही टेकली नाही. तिला वाटत होते, कुणाला हात लावला तर तिथेही गाठ बसेल.

शेवटची प्रार्थना जवळ आली. ती उभ्याने म्हणायची. धर्मग्रंथांच्या पवित्र कपाटाची दारे उघडतात, आणि प्रार्थना संपली की वर देवाचे दार मिटते. खाली घड्याळजी पुस्तकाची पाने उलटत होते. सगळे उठले. मावशीही उठली.

तेव्हा तिच्या जिभेला दोरा लागला.

शिवणाऱ्यांच्या तोंडात दोरा सापडणे काही नवे नाही. टोक ओले करायची सवय असते. पण कालपासून तिने सुई हातात धरली नव्हती. तिने चिमटीत धरून टोक बाहेर काढले. पांढरे. सुती. डब्यातले.

दोरा आणखी होता.

तिने ओढला. बोटभर. वीतभर. मग एक गाठ ओठांवरून बाहेर आली. मग दुसरी. मग तिसरी, अगदी सारख्या अंतरावर. पीळ डावा. दोरा संपत नव्हता, आणि दर गाठीला तिला आतून हिसका बसत होता. घशातून नाही. त्याच्या खालून. डाव्या बाजूने.

दाताने तोडावा, तर आज तोडायचा नव्हता. सोडवावा, तर आज सोडवायचा नव्हता.

पलीकडून कुणीतरी दोरा ताणला.

तिचे तोंड मिटत चालले. ओठांना टाका पडावा तसे, एका कोपऱ्यापासून. घड्याळजींनी सुरुवातीसाठी श्वास घेतला. सभागृह शांत झाले.

मावशीने दोन्ही हातांनी जाळी धरली.

“थांबा.”

आवाज तिचा वाटू नये इतका खरखरीत होता. खालच्या पाठी वळल्या. पन्नास चेहरे वर झाले.

“मी गाठ मारली,” ती म्हणाली. “माझ्या ताईच्या कफनाला. छातीवर, डाव्या बाजूला. चुकून नाही. बघून मारली. आणि सोडली नाही.”

तिने जाळी सोडली नाही.

“तीन वर्षं ती दाराशी आली. मी आत होते. उघडलं नाही.” तिने डोळे मिटले. “ताई, माफ कर. मी केलं. माफ कर. मीच केलं. माफ कर.”

दोरा सैल पडला.

खालून घड्याळजी हळू आवाजात म्हणाले, “ऐकलं, बाई. आम्ही दहाच्या वर आहोत. सगळ्यांनी ऐकलं.” आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली.

भाचीचा हात मावशीच्या दंडावर होता. तो निघाला. मावशीने तिकडे बघितले नाही. तिने पुढची सगळी प्रार्थना समोर बघत, उभ्याने म्हटली. तोंडात काही नव्हते. चिमटीतही नव्हते. शेवटी मेंढ्याचे शिंग फुंकले गेले, एक लांब, सलग आवाज, आणि त्या आवाजात तिला रुमालाखाली केस मोकळे होत गेल्याचे जाणवले. तिने खाली पाहिले. नाड्यांची चारही टोके सुटून जमिनीवर पसरली होती.

जिन्यात भाचीने तिला गाठले.

“मला आधी सांगायचं होतंस.”

“तू बोलली नसतीस माझ्याशी.”

“नसतेच बोलले. चार दिवस.” भाचीचे डोळे लाल होते. तिने वाकून मावशीच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, सुरगाठ, घट्ट नाही. “पाचव्या दिवशी आले असते ना गं. कुठे जाणार होते मी?”

भाचीला दवाखान्यात रात्रपाळीवर जायचे होते. फाटकाशी तिने बाटलीतले पाणी आधी मावशीला दिले, मग स्वतः प्यायली. “घरी जा आणि काहीतरी खा. उद्या सकाळी येते. दार उघडशील ना?”

“उघडीन की.”

घरी जाताना मावशीची पावले हलकी पडत होती. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखी भूक लागली होती. आकाशात तीन चांदण्या होत्या. कुलूप तिने नीट लावले होते, ते नीट उघडले.

खिडकीतली आईची मेणबत्ती विझली होती. ताईची जळत होती. तिच्यात मेण जवळजवळ उरले नव्हते, तरी ज्योत सरळ होती.

त्या उजेडात तिला ट्रंक दिसली. झाकण उघडे होते.

तिचे कफन मशीनच्या टेबलावर होते, आईच्या पद्धतीने अंथरलेले, उजवी बाजू वर. मावशी जवळ गेली. कापडाला भिजल्या मातीचा बारीक वास होता. तिने उजव्या शिवणीवर बोट ठेवले आणि सवयीने खाली नेले, जिथे शिवण थांबते आणि कापड उघडे पडते तिथपर्यंत.

बोट थांबले नाही. ते काठापर्यंत गेले.

वीतभर टाके होते. सुबक, सारख्या अंतराचे, उलट्या बाजूला कललेले. दोरा नवा नव्हता. आवळलेली गाठ खूप दिवसांनी सोडवली की दोऱ्याला जशी बारीक लाट राहते, तशी त्याला राहिली होती. शेवटी गाठ नव्हती. टोक मोकळे सोडलेले होते.

कापडाच्या काठाशी सुई टोचून ठेवलेली होती.

मावशी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने आई करायची तसे केले. सुई काढून दोन बोटांत धरली.

कोमट होती.